क्रीडाजन्य स्नायू-इजा व प्रतिमादर्शन

धावणे, उडी, फेक, कुस्ती किंवा चेंडूचे खेळ यांत स्नायूवर त्याच्या सहनशक्तीपेक्षा अधिक ताण पडल्यास अथवा बाहेरून जोराचा मार बसल्यास स्नायुतंतूंना जी इजा होते, तिला क्रीडाजन्य स्नायू-इजा म्हणतात. ही इजा नेमकी कोठे आहे, किती खोल आहे व किती तंतू तुटले आहेत हे शरीर न उघडता चित्ररूपाने पाहण्याच्या पद्धतींना प्रतिमादर्शन अशी संज्ञा आहे. शरीरातील हाड १८९५ पासून डोळ्यांना दिसू लागले. स्नायू मात्र त्यानंतर सु. पाऊणशे वर्षे जवळजवळ अदृश्यच राहिला. या काळात तालमीतील वस्ताद, हाडवैद्य आणि डॉक्टर या सर्वांना बोटांच्या स्पर्शावर व अनुमानावरच विसंबावे लागे. स्नायू दिसू लागल्यावर अनेक जुने समज दूर झाले. परंतु ‘पुन्हा मैदानात केव्हा उतरावे’ या खेळाडूच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर केवळ चित्रातून मिळत नाही, हेही या इतिहासातून स्पष्ट झाले. कुस्ती व खो-खो यांची परंपरा असलेल्या सोलापूरसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टींना सारखेच महत्त्व आहे.

स्नायूची रचना व इजेचे प्रकार : अस्थींना जोडलेला स्नायू हा अतिशय बारीक तंतूंच्या जुडग्यांचा बनलेला असतो. प्रत्येक जुडग्याभोवती संयोजी ऊतकाचे पातळ वेष्टन असते आणि टोकाशी ही वेष्टने एकत्र येऊन कंडरा बनते. स्नायू व कंडरा जेथे मिळतात तो सांधा यांत्रिक दृष्ट्या कमजोर असतो व बहुतेक ताणजन्य इजा तेथेच होतात. दोन सांध्यांवरून जाणारे स्नायू, उदा., मांडीच्या मागील बाजूचे स्नायू (हॅमस्ट्रिंग), मांडीचा पुढील सरळ स्नायू आणि पोटरीचा वरचा स्नायू, अधिक वेळा दुखावतात. स्नायू आकुंचन पावत असतानाच बाहेरील जोरामुळे तो लांबवला जातो तेव्हा हा धोका सर्वांत जास्त असतो. वेगाने धावताना पाय पुढे टाकण्याच्या अखेरच्या क्षणी मांडीच्या मागील स्नायूंची अवस्था अशीच असते.

इजेचे स्थूलमानाने दोन प्रकार करतात. ताणजन्य इजेत तंतू आतून तुटतात. लोकव्यवहारात हिला ‘चमक भरणे’ किंवा ‘नस भरणे’ असे म्हणत असले, तरी नसेचा त्यात काही संबंध नसतो. आघातजन्य इजेत, म्हणजे मुक्या मारात, प्रतिस्पर्ध्याचा गुडघा, कोपर वा चेंडू यांच्या आघाताने स्नायू हाडावर चेपला जाऊन आत रक्त साचते. तीव्रतेनुसार पहिली श्रेणी (थोडे तंतू तुटणे), दुसरी श्रेणी (स्नायू अंशतः फाटणे) व तिसरी श्रेणी (स्नायू वा कंडरा पूर्ण तुटणे) अशी विभागणी दीर्घकाळ रूढ होती.

पूर्वपीठिका : मल्लविद्येबरोबर इजांचे ज्ञानही भारतात प्राचीन काळापासून विकसित झाले. सुश्रुतसंहितेत वर्णिलेल्या १०७ मर्मांपैकी ११ मांसमर्मे आहेत. त्यांत पोटरीतील इंद्रबस्ती या मर्माचा समावेश होतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या ग्रंथातील मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लांचा आहार, व्यायाम व डावपेच यांचे वर्णन आहे. आजच्या सोलापूर परिसरावर त्या काळी याच घराण्याची सत्ता होती. पुढील काळात तालीम ही गावोगावची व्यायामसंस्था झाली. सोलापूर शहरात पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम यांसारखी नावे आजही प्रचारात असून ती या परंपरेची साक्ष देतात.

तालमीत दुखावलेल्या पहिलवानावर वस्तादांच्या देखरेखीखाली उपचार होत. दुखऱ्या जागी अंगठा फिरवून स्नायूतील खळगा, गाठ व उष्णता ओळखण्याचे त्यांचे कौशल्य अनुभवसिद्ध होते आणि ताज्या इजेत आधुनिक वैद्यही प्रथम हेच करतो. मात्र या परंपरेतील एक रूढी हानिकारक ठरली. मार लागल्यानंतर लगेच तेल चोळून जोराचे मालीश करण्याने आतील रक्तस्राव वाढतो. साचलेल्या रक्ताच्या जागी काही आठवड्यांनी हाडासारखे कठीण ऊतक तयार होण्याचा संभव असतो व त्यामुळे गुडघा वा कोपर पूर्ण वाकत नाही. मालीश हे सरावाच्या थकव्यावर उपयुक्त असले, तरी ताज्या मारावर ते करू नये, हा भेद बोटांना कळणे अवघड होते. तो पुढे चित्राने दाखविला.

क्ष-किरण : जर्मन भौतिकीविज्ञ व्हिल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लावला. या शोधाबद्दल त्यांना १९०१ मध्ये भौतिकीचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. हाडातील कॅल्शियम हे किरण मोठ्या प्रमाणावर शोषून घेत असल्यामुळे अस्थिभंगाचे निदान सोपे झाले. याउलट स्नायू, कंडरा व साचलेले रक्त यांची शोषणक्षमता जवळजवळ सारखी असल्याने क्ष-किरण चित्रात ती एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नाहीत. परिणामी ‘फोटोत काही नाही’ याचा अर्थ ‘इजा नाही’ असा लावला जाऊ लागला आणि अनेक खेळाडू फाटलेल्या स्नायूनिशी पुन्हा मैदानात उतरले.

तरीही दोन बाबतींत क्ष-किरणांचे महत्त्व कायम आहे. पहिली बाब म्हणजे वर उल्लेखिलेले स्नायूतील अस्थिभवन होय. दुसरी बाब वाढत्या वयातील मुलामुलींची. या वयात कंडरेपेक्षा ती ज्या अस्थिवर्धक भागाला जोडलेली असते तो भाग कमजोर असतो. त्यामुळे वेगाने धावताना स्नायू फाटण्याऐवजी कमरेच्या हाडाचा तुकडाच उपटून निघू शकतो. लक्षणे ‘मांडी भरली’ अशीच असतात. परंतु उपचार व विश्रांतीचा काळ निराळा असतो. शालेय खेळाडूच्या मांडीत वा जांघेत एकाएकी तीव्र कळ आल्यास साधे क्ष-किरण चित्र काढणे म्हणूनच आवश्यक ठरते.

श्राव्यातीत ध्वनिचित्रण : व्यवहारात सोनोग्राफी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीचा पाया प्येअर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये लावलेल्या दाबविद्युत् परिणामाच्या शोधाने घातला गेला. स्फटिकातून निघालेले, मानवी कानांना ऐकू न येणारे ध्वनितरंग ऊतकांच्या सीमांवरून परावर्तित होतात व त्या प्रतिध्वनींपासून चित्र तयार होते. स्कॉटलंडमधील इअन डॉनल्ड व त्यांचे सहकारी यांनी १९५८ मध्ये उदरातील गाठी व गर्भ यांच्या निदानासाठी या पद्धतीचा उपयोग प्रसिद्ध केला. स्नायूच्या अभ्यासात जपानी संशोधक इकाई व फुकुनागा यांचे १९६८ मधील कार्य महत्त्वाचे आहे. त्यांनी दंडाच्या स्नायूच्या छेदाचे क्षेत्रफळ ध्वनितरंगांनी मोजून स्नायूचे बळ व आकार यांचा संबंध दाखविला. गुडघ्यामागील द्रवाची गाठ व नीलेतील रक्ताची गुठळी यांतील फरक १९७२ मध्ये याच पद्धतीने दाखविण्यात आला.

स्नायूसाठी सामान्यतः सु. ७ ते १५ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचे तरंग वापरतात. कंप्रता जितकी अधिक तितके चित्र सूक्ष्म. पण तरंगांची खोली कमी. निरोगी स्नायू काळसर पट्ट्यांचा व त्यांना विभागणाऱ्या उजळ रेषांचा दिसतो. या रेषा तुटलेल्या असल्यास आणि मध्ये काळा द्रवभाग दिसल्यास स्नायू फाटल्याचे निदान होते. परीक्षकाला खेळाडूस स्नायू आकुंचित करावयास सांगून फाटलेली टोके एकमेकांपासून दूर सरकताना प्रत्यक्ष पाहता येतात; हा लाभ अन्य कोणत्याही पद्धतीत इतक्या सहजतेने मिळत नाही. इजा झाल्यापासून पहिल्या काही तासांत ताजे रक्त स्नायूसारखेच दिसत असल्यामुळे परीक्षा साधारणपणे दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी करणे श्रेयस्कर समजतात. परीक्षकाच्या कौशल्यावर निष्कर्ष मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो, हा या पद्धतीचा मुख्य दोष होय.

चित्राने जुना समज कसा बदलला याचे उत्तम उदाहरण पोटरीच्या इजेचे आहे. टेनिसपटूंच्या पोटरीत एकाएकी येणाऱ्या कळेचे वर्णन १८८३ मध्ये लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पोटरीतील एक बारीक स्नायू व त्याची लांब कंडरा तुटल्याने ही इजा होते, असे त्यानंतर बराच काळ मानले जाई. शस्त्रक्रियांतील निरीक्षणांनी व पुढे प्रतिमादर्शनाने खरा दोष बहुधा पोटरीच्या वरच्या मोठ्या स्नायूच्या आतील भागात असल्याचे सिद्ध केले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ध्वनिचित्रणाने तपासलेल्या १४१ रुग्णांच्या अभ्यासात ९४ जणांचा हा मोठा स्नायू फाटलेला होता. बारीक स्नायूची कंडरा तुटलेले रुग्ण केवळ दोन होते.

संगणकीकृत छेदचित्रण व चुंबकीय अनुस्पंदन : ब्रिटिश अभियंते गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडन येथे पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. या यंत्राने स्नायूंचे आडवे छेद प्रथमच दिसू लागले. १९८९ मध्ये अमेरिकेतील गॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडीच्या मागील स्नायूंच्या इजा या पद्धतीने तपासल्या व त्या मुख्यत्वे बाहेरील द्विशिरस्क स्नायूच्या वरच्या भागात असल्याचे नोंदविले. तथापि क्ष-किरणांची मोठी मात्रा व मृदू ऊतकांतील अपुरा भेद यांमुळे ही पद्धत या क्षेत्रात फार काळ टिकली नाही.

तिची जागा चुंबकीय अनुस्पंदनाने, म्हणजेच एमआरआयने घेतली. फेलिक्स ब्लॉक व एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये स्वतंत्रपणे शोधलेल्या अणुकेंद्रीय अनुस्पंदनाच्या आविष्कारावरून पॉल लाउटरबर यांनी १९७३ मध्ये प्रतिमा मिळविण्याची रीत दाखविली. लाउटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. या पद्धतीत प्रबल चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या शरीरातील हायड्रोजन अणुकेंद्रांपासून मिळणारे संकेत नोंदले जातात. चरबीचा संकेत दडपून पाण्याचा संकेत उठावदार करणाऱ्या तंत्राने इजा झालेल्या स्नायूतील सूज पक्ष्याच्या पिसासारखी उजळ दिसते. १९८९ मध्ये फ्लेकेन्स्टाइन व सहकाऱ्यांनी खेळातील स्नायू-इजांचे असे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात हे तंत्र १९८०–९० या दशकात आले. दिल्ली येथील नाभिकीय वैद्यक व संबद्ध विज्ञान संस्थेतील यंत्र हे देशातील आरंभीच्या यंत्रांपैकी होते. त्यानंतर मुंबई, पुणे व पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी ही सोय उपलब्ध होत गेली.

चित्राची मर्यादा : कंडरेला इजा झाली आहे किंवा नाही, हे केवळ श्रेणीपेक्षा अधिक महत्त्वाचे असल्याचे एमआरआयमुळे लक्षात आले. २०१४ मध्ये ब्रिटिश अ‍ॅथ्‌लेटिक्स या संस्थेच्या वैद्यकांनी मांडलेल्या वर्गीकरणात शून्य ते चार अशा श्रेणी असून इजा वेष्टनात, स्नायू-कंडरा सांध्यावर की कंडरेत आहे यानुसार उपविभाग केलेले आहेत. कंडरेतील इजा भरून येण्यास अधिक काळ लागतो.

मात्र चित्रावरून परतीचा दिवस सांगता येतो काय, या प्रश्नाचे उत्तर निराशाजनक आले. कतार येथे झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडीच्या मागील स्नायूंची इजा झालेल्या १८० पुरुष खेळाडूंची तपासणी करण्यात आली. परतीच्या काळातील फरकांचा जेवढा उलगडा रुग्णाचा वृत्तांत व हाताने केलेली तपासणी यांवरून झाला, त्यात एमआरआयने केवळ २.८ टक्क्यांची भर घातली. नेदर्लंड्समधील दुसऱ्या एका अभ्यासात, वैद्यकीय दृष्ट्या बरे झालेल्या ५३ खेळाडूंपैकी सु. ८९ टक्के खेळाडूंच्या चित्रात दोष तसाच दिसत होता. म्हणजे चित्र पूर्ण स्वच्छ होईपर्यंत थांबणे जितके अनावश्यक, तितकेच चित्र सौम्य दिसते म्हणून घाई करणेही अनुचित होय.

महाराष्ट्रातील क्रिकेटपटूंची उदाहरणे या संदर्भात उद्‌बोधक आहेत. श्रीरामपूरचे वेगवान गोलंदाज झहीर खान यांना जुलै २०११ मध्ये लॉर्ड्‌स कसोटीच्या पहिल्याच दिवशी, दोन बळी घेतल्यानंतर, मांडीच्या मागील स्नायूच्या इजेमुळे मैदान सोडावे लागले. पुढे एका सराव सामन्यात पुनरागमनाचा प्रयत्न करताना थोडीच षटके टाकून ते थांबले व दौऱ्यातून बाहेर पडले. नंतर त्यांच्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली. भारताने ती मालिका ४–० अशी गमावली. मुंबईचे फलंदाज रोहित शर्मा यांच्या मांडीच्या अशाच इजेवरून २०२० मध्ये वेगळा प्रश्न उपस्थित झाला. ऑस्ट्रेलिया दौऱ्याच्या आरंभीच्या संघांतून इजेमुळे वगळले गेलेले शर्मा १० नोव्हेंबरच्या आयपीएल अंतिम सामन्यात खेळले. त्यानंतर बंगळूर येथील राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत शारीरिक क्षमतेची चाचणी उत्तीर्ण झाल्यावरच ते ऑस्ट्रेलियाला रवाना झाले. परतीचा निर्णय अखेरीस धावण्याच्या व बळाच्या चाचण्यांवर ठरतो, हे यावरून दिसते.

काही इजांत तर प्रतिमादर्शन हे मुख्य साधनच नव्हे. नवख्या पहिलवानाने एकाच दिवशी शेकडो बैठका मारल्यास स्नायुपेशी फुटून त्यांतील प्रथिने रक्तात व मूत्रपिंडात जातात. मांड्या ताठरून लघवी चहासारखी काळसर होणे हे त्याचे लक्षण असून अशा वेळी रक्त व लघवीची तातडीने तपासणी करून उपचार करणे हाच मूत्रपिंड वाचविण्याचा मार्ग होय.

सोलापूर जिल्हा : माळशिरस, मोहोळ, मंगळवेढे, पंढरपूर इ. तालुक्यांत कुस्तीची परंपरा असून यात्रा-जत्रांतील मैदाने हे ग्रामीण पहिलवानांच्या उत्पन्नाचे साधन आहे. जिल्ह्यात खो-खो हा खेळही लोकप्रिय आहे. खो-खोत बसलेल्या स्थितीतून उठून क्षणात पूर्ण वेग घेणे, खांबाभोवती झटकन वळणे व सूर मारणे या हालचाली मांडी, जांघ व पोटरी यांवर कमालीचा ताण टाकतात. कुस्तीत पट काढताना मांडीच्या मागील व जांघेतील स्नायू, तर ढाक मारताना खांदा व पाठ दुखावतात. याखेरीज पोलीस भरतीसाठी १,६०० वा ८०० मी. धावण्याची तयारी करणारे तरुण-तरुणी हा इजाग्रस्तांचा एक मोठा वर्ग आहे. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असल्याने एक हंगाम हुकणे म्हणजे पुष्कळदा नोकरीची संधी हुकणे होय. त्यामुळे या भागात स्नायू-इजेचे निदान हा केवळ क्रीडेचा नव्हे, तर उपजीविकेचाही प्रश्न ठरतो.

सोलापूर येथे १९६३ मध्ये स्थापन झालेले डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय व त्याच्याशी संलग्न श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय हे जिल्ह्यातील शासकीय वैद्यकसेवेचे केंद्र आहे. खेड्यातील खेळाडूला तेथवर पोहोचण्यास प्रवास, खर्च व दिवसाची मजुरी यांचा विचार करावा लागतो. पुणे तर सु. २५० किमी. दूर आहे. या परिस्थितीत एमआरआयपेक्षा कितीतरी स्वस्त व तालुक्याच्या गावी मिळू शकणारे ध्वनिचित्रण हेच स्नायूच्या तपासणीचे स्वाभाविक साधन ठरते.

परंतु या साधनाला महाराष्ट्रात एक वेगळा इतिहास आहे. स्त्रीगर्भ ओळखून तो नष्ट करण्यासाठी त्याचा दुरुपयोग होऊ लागल्याने महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वप्रथम, प्रसवपूर्व निदानतंत्रांचे नियमन करणारा कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला. तरीही राज्यातील सहा वर्षांखालील मुलींचे दर हजार मुलांमागील प्रमाण २००१ च्या ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ पर्यंत घसरले. बीड जिल्ह्यात तर ते ८०७ होते. सोनोग्राफीच्या प्रत्येक यंत्राची नोंदणी बंधनकारक आहे. २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती करून सुवाह्य यंत्राचा वापर नोंदणीकृत रुग्णालयातील आंतररुग्णांपुरता व फिरत्या वैद्यकीय पथकांपुरता मर्यादित करण्यात आला. यूरोपात व ऑस्ट्रेलियात संघाचा वैद्य हे यंत्र मैदानाच्या कडेला नेतो; येथे तशी सोय करणे या बंधनांमुळे अवघड झाले. ज्या कारणासाठी बंधन घातले गेले ते इतके गंभीर आहे की, खेळाडूंच्या सोयीसाठी ते सैल करावे असे सरसकट म्हणता येत नाही. यंत्र मैदानात नेण्याऐवजी खेळाडूला योग्य दिवशी नोंदणीकृत केंद्रात पाठविणे हा व्यवहार्य पर्याय आहे. स्नायूचे चित्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच अधिक स्पष्ट दिसत असल्याने या पर्यायात निदानाचे फारसे नुकसानही होत नाही.

परीक्षेचा क्रम : उपलब्ध ज्ञानावरून जिल्हा पातळीवर पुढील क्रम योग्य ठरतो. इजा होताच खेळ थांबवून दुखरा भाग दाबपट्टीने बांधावा, बर्फ लावावे व पहिले दोन-तीन दिवस शेक, मालीश व ताण टाळावा. इजा कशी झाली, ‘कट्’ असा आवाज जाणवला काय, चालता येते काय यांची नोंद करून वैद्याने हाताने तपासणी करावी. वाढत्या वयातील खेळाडूचे किंवा हाडाला मार लागल्याची शंका असल्यास क्ष-किरण चित्र काढावे. दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी ध्वनिचित्रण करावे. कंडरा तुटल्याची शंका, खोलवर इजा किंवा अपेक्षित सुधारणेचा अभाव असेल तेव्हाच एमआरआयचा खर्च समर्थनीय ठरतो. मैदानात परतण्याची परवानगी देताना वेदनारहित हालचाल, दोन्ही पायांच्या बळातील समानता व टप्प्याटप्प्याने वाढविलेला धावण्याचा वेग हे निकष मानावेत. पूर्वी झालेली इजा हे पुढील इजेचे एक प्रमुख कारण असल्यामुळे पहिल्या इजेनंतरचा काळ निर्णायक असतो. वस्तादांचा हात, वैद्याची परीक्षा व यंत्राचे चित्र ही परस्परांना पर्याय नसून एकाच निर्णयाची अंगे आहेत. त्यांतील हाताचे व परीक्षेचे अंग गावातच उपलब्ध आहे, ही ग्रामीण खेळाडूच्या दृष्टीने जमेची बाब होय.